फिनलंड, मुक्काम कोल्हापूर

"लेखकसाहेब, मी काय फिनलंडला जाणार न्हाई बघा," हेलेनाच्या डोक्यावर सोनेरी विग बसवता बसवता हौसाक्का म्हणाली.

तोंडात चार पिना धरून ती बोलली, त्यामुळे आधी मला वाटलं, विगबद्दलच काहीतरी कुरकुर चालली आहे. हेलेना, म्हणजे आमच्या मालिकेतली परदेशी सून, खरी डोंबिवलीची ऋचा, आरशासमोर डोळे मिटून बसली होती. बाहेर दिग्दर्शक नंदू शिर्के पहिल्या सीनच्या कागदांसाठी ओरडत होता आणि ते कागद अजून माझ्या डोक्यातच होते.

"अहो, शुक्रवारी मुंबईत तुमची व्हिसाची तारीख आहे ना?"

"हाय. पण जात न्हाई."

"आणि तेजूचं बाळंतपण?"

हौसाक्कानं शेवटची पिन खोचली, जरा जोरातच. ऋचा "आई गं" म्हणाली.

"तिची सासू हाय की तिथं. ती बघंल," हौसाक्का म्हणाली आणि पाठ फिरवून तिनं डोळे टिपले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात एका रोजच्या मालिकेचे संवाद मी लिहीत होतो. मालिकेचं नाव सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती पाहिली असेल आणि उरलेले पाहिली नाही असं सांगतील. हौसाक्का सुतार आमची हेअरड्रेसर. तीस वर्षं तिनं नट्यांचे अंबाडे घातले होते. नवरा लवकर गेला, एकुलत्या तेजूला तिनं त्या अंबाड्यांवर शिकवलं, आणि तेजू शिकायला म्हणून गेली ती थेट फिनलंडला. तिथल्याच मिक्को नावाच्या मुलाशी तिनं कोल्हापुरात येऊन लग्न केलं. जानेवारीत तिला पहिलं बाळ होणार होतं. दिवाळीपासून हौसाक्का रिकामी बसली की जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायची. डिंकाच्या लाडवांची चव सगळ्या युनिटनं तीनदा घेऊन झाली होती. आणि आता हे.

"आक्का, भांडलात का तेजूशी?"

"मी कशाला भांडतो?" (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो' असंच म्हणतात, मुंबईहून आलेल्या मला त्याची सवय व्हायला महिना लागला होता.) "पण जाऊन काय करू? बाळाला हात लावायचा तर सासूची लेखी परवानगी. ह्या वयात मी अर्ज करू? माझ्या लेकीच्या लेकराला घ्यायला?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चेष्टाच करतोय.

"तुमीच लिव्हलासा की."

मग मला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी चॅनलच्या अन्विता मॅडमचा मुंबईहून फोन आला होता, की घरातला धाकटा मुलगा परदेशी बायको घेऊन येऊ दे, पण लंडन-अमेरिका नको, सगळ्यांनी वापरून चोथा केलाय. कला विभागाकडे आइस्क्रीमच्या जाहिरातीतून उरलेला बर्फाळ डोंगरांचा एक भलामोठा फ्लेक्स पडला होता. म्हणजे देश थंड हवा. आणि फिनलंड हा शब्द मी रोज मेकअपरूममध्ये हौसाक्काच्या तोंडून ऐकत होतो. दिला ठोकून. सून परदेशी म्हटल्यावर तिचा देश वाईट पाहिजेच, नाहीतर ती आपल्या घरात येऊन सुधारणार कशी? हॉटेलपासून स्टुडिओपर्यंतच्या रिक्षाप्रवासात मी अख्खा फिनलंड उभा केला. तिथं आईबापांना मुलांच्या घरी जायचं तर पंधरा दिवस आधी कळवावं लागतं. थंडीनं गाल ताठतात म्हणून कुणी हसत नाही. आणि सुनेच्या आईला नातवंड हातात घ्यायचं तर सासूची लेखी परवानगी. ही शेवटची कल्पना सिग्नलला थांबलो असताना सुचली होती आणि मी स्वतःवरच खूश झालो होतो.

आमच्या तेजूचा देश टीव्हीवर येणार म्हणून हौसाक्कानं त्या दिवशी युनिटला पेढे वाटले होते. तेही मी खाल्ले होते.

"अहो आक्का," मी म्हणालो, "ते सगळं खोटं आहे. मी मनानं लिहिलंय."

"असू दे."

"असू दे काय? खरंच खोटं आहे! तेजूला विचारा."

"इच्यारलं. ती हसाय लागली. म्हणाली, आई, असलं काही नसतंय. पण ती खरं सांगंल व्हय? मला वाईट वाटू नये म्हणून झाकालीया. आणि तो जावई लग्नाला आला तर चार दिवसांत चार शब्द बोलला न्हाई. ते पण तुमी बरोबर लिव्हलंय."

"तुम्ही रोज ह्या पोरीच्या डोक्यावर विग घालता. ही डोंबिवलीची आहे. मागचा डोंगर फ्लेक्सचा आहे. आणि फिनलंड तेवढा खरा?"

"विग खोटा हाय ते मला कळतंय की वो. मीच धुतो तो." हौसाक्का शांतपणे कंगवा पुसत म्हणाली. "पण लिव्हणाऱ्यानं इच्यारल्याबिगर का लिव्हलं असंल? गेल्या साली डोहाळजेवणाच्या सीनला तुमी मला चार येळा इच्यारलासा. ओटीत काय घालायचं, कुणी आधी ओवाळायचं, धनुष्यबाण कुठल्या हातात. एक केळं कमी पडलं तर शूटिंग थांबवलासा. केळ्यासाठी थांबतो तो माणूस अख्ख्या देशाबद्दल उगंच लिव्हंल?"

मला लाज वाटली, खरंच वाटली. माझ्या काळजीपूर्वक लिहिण्याचा मला जो थोडासा गर्व होता, त्याच काळजीनं हौसाक्काला फसवलं होतं. आपल्या केळ्यासाठी मी शूटिंग थांबवलं होतं आणि दुसऱ्याच्या देशासाठी रिक्षासुद्धा थांबवली नव्हती.

"माझी समजूत काढायला खोटं बोलू नका लेखकसाहेब," ती म्हणाली. "तुमी चांगलं माणूस हायसा. पण मी जात न्हाई."

त्या दिवशी सोमवार होता. व्हिसाची तारीख हुकली तर पुढची जानेवारीत मिळणार होती, म्हणजे बाळ आधी आणि आजी मागून. जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा समजावून पाहिलं. इंटरनेटवरची पानं वाचून दाखवली. "ते बी कुणीतरी लिव्हलेलंच असणार," असं म्हणून तिनं मला आमटी वाढली.

जेवण झाल्यावर मी पॅड घेतलं आणि तिच्यासमोर बसलो.

"आक्का, सीन चौदा लिहायचाय. दोन तासांत शूट आहे. हेलेना घरातल्या आत्याबाईंना आपल्या लग्नाची आठवण सांगते. फिनलंडमध्ये लग्नात काय करतात?"

"मला काय म्हाईत?"

"मलाही माहीत नाही. सांगा काहीतरी."

"असं कसं कायतरी सांगू?"

"मी जसं लिहितो तसं. डोळे मिटा, बर्फ दिसतोय का बघा."

"तुमी पुस्तकात बघा की."

"माझ्याकडे पुस्तक नाही. कधीच नव्हतं. सांगा, नवरीला काय करतात?"

हौसाक्कानं आधी नकार दिला, मग इकडेतिकडे पाहिलं, मग पदर नीट केला. तिला मजा वाटू लागली होती आणि ते दाखवायचं नव्हतं.

"बर्फ हाय म्हणल्यावर," ती हळूच म्हणाली, "नवरीच्या डोक्यावर बर्फाची लादी ठेवत असतील."

"वा. कशाला?"

"कशाला म्हणजे... ती वितळूस्तोवर तिनं सासूशी बोलायचं न्हाई."

"आणि बोलली तर?"

"बोलली तर वरीसभर सासूनं तिच्याशी बोलायचं न्हाई." मग स्वतःच म्हणाली, "न्हवं, ह्याला शिक्षा कोण म्हणंल? दुसरं लिव्हा. बोलली तर आणखी एक लादी."

मी लिहीत होतो. हौसाक्का आता खुर्चीच्या टोकाला आली होती.

"आणि ते वितळल्यालं पाणी वाया घालवत न्हाईत. त्या पाण्यात पहिला भात शिजवायचा. लिव्हलासा का? आणि नणंद बाजूला फुंकत उभी असती, लवकर वितळावं म्हणून. न्हाई, नणंद कशाला मदत करंल? नणंद वारा घालती, वितळू नये म्हणून!"

सात वर्षं संवाद लिहून मला असली नणंद सुचली नव्हती.

नंदू शिर्केनं सीन वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात रिसर्च! नुसतं सांगायचं नाही, फ्लॅशबॅक दाखवू." लगेच रसवंतीगृहातून बर्फाची लादी आली. पांढरा फ्लेक्स मागे, ऋचा पांढऱ्या गाऊनमध्ये, डोक्यावर ताट आणि ताटात लादी. दोन मिनिटांत पाणी कानामागून विगमध्ये उतरायला लागलं.

"अगं बया, विग भिजला!" हौसाक्का टॉवेल घेऊन धावली. "कुणी सांगितली असली नसती चाल ह्यांना?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं जीभ चावली.

थंडीनं ऋचाचे दात खरोखर वाजत होते. "काय एक्सप्रेशन आहे!" नंदू मॉनिटरमागून ओरडला. दिवेवाल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लई कडक रीतिरिवाज हायत तिकडं."

संध्याकाळी अन्विता मॅडमचा फोन आला. "लादीचा ट्रॅक जबरदस्त! किती ऑथेंटिक वाटतं! कुठे मिळालं हे?"

"इथंच मिळालं, कोल्हापुरात," मी म्हणालो.

फोन ठेवून मी हौसाक्काकडे वळलो. "आता तरी पटलं?"

पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. "मी सांगितलं ते त्यांना कुठं ठावं हाय? चॅनलवाले तपासतील. खोटं निघालं की कापतील. टीव्हीवर असंच येतंय व्हय? बुधवारी बघू."

आमचे भाग तेव्हा अगदी ताजे जायचे. सोमवारी केलेलं बुधवारी लोकांच्या घरात. बुधवारी संध्याकाळी हौसाक्कानं मला मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी जेवायला बोलावलं. आठ वाजता शेजारच्या चोपडेवहिनी आणि त्यांच्या सासूबाई नेहमीप्रमाणे मालिका पाहायला आल्या. हौसाक्कानं माझी ओळख "आमच्या हापिसातले" एवढीच करून दिली. कोपऱ्यात एक बॅग अर्धी भरून तशीच उघडी पडलेली होती. वर दुपटी होती, घडी घातलेली.

सीन लागला. लादी, पाणी, वारा घालणारी नणंद. सगळं होतं. काहीही कापलेलं नव्हतं. उलट मागे सनईसारखं काहीतरी उदास वाजत होतं, त्यामुळे चाल आणखीच जुनी वाटत होती.

हौसाक्का टीव्हीकडे बघत नव्हती. चोपडेवहिनींकडे बघत होती.

"बघा बाई," जाहिरात लागताच चोपडेवहिनी म्हणाल्या, "आपल्याकडं नुसत्या अक्षता टाकतात. तिथं डोक्यावर लादी! हौसाक्का, तुमच्या तेजूला पण ठेवली असंल की वो?"

"तिचं लग्न इथं झालं," हौसाक्का कशीबशी म्हणाली.

"हां, म्हणून वाचली. न्हाईतर पाच किलोची असती म्हणं."

"पाच किलो?" मी विचारलं. आम्ही वजन लिहिलंच नव्हतं.

"तुमाला न्हाई ठावं?" चोपडेवहिनींनी माझ्या अज्ञानाची कीव केली. "आमच्या नंदेच्या जावेचा भाऊ जर्मनीत हाय. तो सांगत होता. त्या बाजूला सगळीकडं असतंय. पैसेवाल्यांच्यात धा किलोची ठेवतात."

त्यांच्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आणि त्या पाण्याचा भात लई गोड लागतो."

हौसाक्कानं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. चोपडेवहिनींना वाटलं, लेकीच्या आठवणीनं रडतेय. "असू दे, असू दे," म्हणत त्या तिची पाठ थोपटू लागल्या, तसं हौसाक्काला आणखीच आवरेना. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात पळाली. मी मागोमाग गेलो. ओट्याला धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, श्वास पुरत नव्हता.

"धा किलोची!" ती म्हणाली. "पैसेवाल्यांच्यात!"

आम्ही दोघं तिथं उभे राहून पोट दुखेपर्यंत हसलो. मग एकदम तिचं हसू थांबलं.

"आणि ते परवानगीचं?"

"तेही असंच."

"गाल ताठतात ते?"

"तेही."

"कुठं बसून लिव्हलासा?"

"रिक्षात."

तिनं माझ्या दंडावर एक जोरदार चापट मारली. "पंधरा दिवस! पंधरा दिवस मी उशीत तोंड घालून रडलो की वो! ते पोरगं बोलत न्हाई म्हणून त्याला मनात शिव्या घातल्या. लेक खोटं बोलती म्हणून तिचा फोन उचलला न्हाई. पोटुशी पोर, दोनदा रडून मेसेज केला तिनं!"

"चुकलं आक्का," मी म्हणालो. "माझं फार चुकलं."

तिनं डोळे पुसले. फोन घेतला आणि तिथंच, ओट्यापाशी, लेकीला लावला. पलीकडून तेजूचा "आई?" एवढा आवाज आला.

"तेजू, मी येतोय. लाडू किती आणू? मिक्कोला चालतात का?" मग ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "लग्नात तिला दिलेले समदे लाडू त्यानंच खाल्ले म्हणं. आणि मी त्याला घुमा म्हणत होतो."

शुक्रवारी सकाळी हौसाक्का व्हिसाच्या खिडकीसमोर उभी होती. डिसेंबरात ती गेली. तिच्या जागी आलेल्या बाईला हेलेनाचा विग कधीच नीट बसवता आला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मी सेटवर लिहीत बसलो होतो, तेव्हा फोन आला.

"लेखकसाहेब! मुलगी झाली ते कळलं न्हवं? सव्वा महिना झाला. विहीणबाई दवाखान्यात माझ्या आधी पोचलेल्या. पण बाळाला हात लावला न्हाई त्यांनी. मी येईस्तोवर थांबल्या. आधी तुमच्या हातात, म्हणून खुणेनं सांगितलं." तिनं नाक ओढलं. "ते असू दे. मी दुसऱ्यासाठी फोन केलाय. तुमी किती बी खोटं लिव्हा, पण इथलं खरं तुमच्या बापजन्मी सुचणार न्हाई तुमाला!"

"काय झालं?"

"इथं तान्ह्या बाळाला झोपवाय बाहेर ठेवतात. बर्फात!"

"आक्का, आता तुम्ही माझी फिरकी घेताय."

"आईशपथ! गाडीत घालून, गरम गुंडाळून, अंगणात. सगळेच ठेवतात. चांगली झोप लागती म्हणं. सव्वा महिना मी कुणाला ठेवू दिलं न्हाई, आमच्यात बाळ-बाळंतीण बाहेर पडत न्हाईत म्हणलं. मिक्को बरं म्हणाला. काल सव्वा महिना भरला आणि आज बाळ बाहेर! मी बी खुर्ची टाकून बाहेर बसलो, शाल, मफलर, गोधडी घेऊन. थोड्या वेळानं विहीणबाई आल्या, त्यांनी बी खुर्ची टाकली. आम्ही दोघी बसलोय."

"काय बोलताय त्यांच्याशी?"

"त्यांचं मला कळत न्हाई, माझं त्यांना कळत न्हाई. बसलोय. लाडू खातोय."

"आणि बाळ?"

"अशी गाढ झोपलीया, की नजर लागंल!"

मला राहवेना. त्याच दुपारी मी एक सीन लिहिला. हेलेना आत्याबाईंना सांगते, की आमच्याकडे तान्ही बाळं बाहेर, बर्फात, उबदार गाडीत झोपतात आणि आज्या शेजारी बसून राहतात. माझ्या फिनलंडमधलं हे पहिलं खरं वाक्य होतं. इतकं मन लावून मी बरेच दिवस लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अन्विता मॅडमचा फोन. "हा बर्फातल्या बाळाचा सीन काढा."

"का?"

"अहो, काहीही काय लिहिता? प्रेक्षक मूर्ख नसतात. आधीचं सगळं कसं रिअल होतं, ती लादी वगैरे. हे कुणाला खरं वाटेल?"

मी सीन काढला. मग हौसाक्काला फोन लावला. ती आणि विहीणबाई आजही अंगणातच होत्या, बाळाच्या गाडीपासून जरा लांब, उन्हात. मॅडमचं बोलणं मी शब्दन् शब्द सांगितलं. ती हसली. कोल्हापुरात हसायची तशीच, दोन घरं ऐकतील अशी. तिकडच्या शांततेत ते हसणं किती लांब गेलं असेल कोण जाणे. पाठोपाठ एक बारीक, कोवळं, रागावलेलं रडणं ऐकू आलं.

"उठली!" हौसाक्का म्हणाली. "ठेवतो मी. विहीणबाई उठाय लागल्यात, त्यांच्या आधी पोचाय पायजे."

फोन बंद करायचं ती विसरली. कितीतरी वेळ मला बर्फात करकर वाजणारे तिचे बूट ऐकू येत होते, आणि तिचा आवाज, "आलो गं माझी बाय, आलो, आलो."